दाबाचा हिशेब कोण ठेवणार?

टेमघर हे नाव ठाणे जिल्ह्यातील बहुतेक नळधारकांच्या कानी पडते ते पाण्याच्या निमित्ताने. (मुळशी तालुक्यातील टेमघर धरण निराळे, येथे अभिप्रेत आहे ते भिवंडीचे टेमघर.) शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेले पाणी या ठिकाणी शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या नगरांकडे जाते. पाणी किती उचलले, कोणाला किती दिले, वाटेत किती मुरले, यावरून वाद होतात, आणि व्हावयासच हवेत. परंतु या सर्व वादांच्या तळाशी एक निश्चिंतपणा असतो. मृग बरसला की नदी पुन्हा भरते. यंदा चार घागरी अधिक उपसल्या म्हणून पुढल्या वर्षी उल्हास नदी रोडावत नाही.

त्याच टेमघरच्या चाळींतून, यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या स्वयंपाकघरांतून, १४.२ किलो वायू भरलेले लाल सिलिंडर उभे असते. त्यातील इंधनाला कोणताही मृग नाही. ते एकदाच निर्माण झाले आहे, आणि ते निर्माण होण्यास लागलेला काळ मोजावयास पंचांग अपुरे पडेल. एवढी गोष्ट आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तेल संपणार, जपून वापरा, हा उपदेश ऐकून ऐकून गुळगुळीत झाला आहे. त्याहून महत्त्वाची, आणि लोकांपर्यंत जवळपास न पोहोचलेली गोष्ट वेगळीच आहे. भूगर्भात तेल किती आहे यावर, हाती किती येणार हे ठरत नाही. ते कसे आणि किती घाईने काढले यावर ते पुष्कळसे ठरते. याचे कारण अर्थशास्त्रात सापडत नाही. ते पदार्थविज्ञानात आहे आणि त्याचा नमुना प्रत्येक सिलिंडरात पाहावयास मिळतो.

सिलिंडर हलविले की आत काहीतरी डचमळते. नावाने तो 'गॅस' असला तरी आत बहुतांश द्रव असतो. प्रोपेन व ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूप होतात. शेगडीची चावी उघडली की दाब किंचित उतरतो, द्रव उकळू लागतो आणि त्याची वाफ नळीतून बर्नरपर्यंत येते. द्रव शिल्लक असेतो आतला दाब फारसा ढळत नाही. शेवटचा द्रव संपला की मात्र ज्योत झपाट्याने बसते. द्रवातून वायू, वायूतून द्रव हे अवस्थांतर दाब आणि तापमान या दोन गोष्टींवर अवलंबून असते, एवढे या उदाहरणावरून ध्यानात घेतले तरी पुरे.

तेलक्षेत्रात हाच व्यवहार फार मोठ्या प्रमाणावर आणि पुष्कळ अधिक गुंतागुंतीने चालतो. भूगर्भात तेलाचे तळे असते ही समजूत चुकीची आहे. स्पंजात पाणी असावे तसे तेल खडकाच्या बारीक छिद्रांतून कोंडलेले असते, आणि त्या तेलात पुष्कळसा वायू विरघळलेला असतो. गोटी सोड्याच्या बाटलीत वायू असतो, पण गोटी दाबेपर्यंत तो दिसत नाही, तसाच हा. खालचे तापमान खडकाच्या प्रचंड वस्तुमानामुळे जवळजवळ स्थिर राहते. मनुष्य विहीर खणून जी एक गोष्ट बदलतो ती म्हणजे दाब. उपसा सुरू झाला की दाब उतरू लागतो आणि एका विशिष्ट पातळीला तेलातून पहिला बुडबुडा बाहेर पडतो. या पातळीला 'बबल पॉइंट' म्हणतात. तेलक्षेत्राच्या आयुष्यातील हा निर्णायक क्षण होय.

आरंभी हे बुडबुडे उपकारकच असतात. ते फुगतात, तेलाला रेटतात, विहिरीकडे ढकलतात. वायू हा तेलाचा बिनपगारी हमाल आहे म्हणा ना. पण दाब आणखी उतरला की सुटे बुडबुडे एकमेकांस मिळतात, छिद्राछिद्रांतून वायूची सलग वाट तयार होते, आणि मग हमाल ओझे टाकून स्वतःच पळू लागतो. वायू तेलापेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे विहिरीकडे तो आधी पोहोचतो. मागे राहते ते वायू गमावलेले तेल. ते आकसलेले असते, अधिक दाट झालेले असते, आणि खडकाच्या भिंती सोडावयास नाखूष असते. पुढे कोणी शहाणपणाने दाब पुन्हा वाढविला तरी निघून गेलेला वायू तेलात परत शिरत नाही. दूध नासल्यावर आच कमी करण्यासारखेच ते.

नैसर्गिक वायूच्या काही क्षेत्रांत तर याच्या अगदी उलट, सामान्य बुद्धीला चक्रावून टाकणारा प्रकार घडतो. दाब वाढला की वायूचा द्रव होतो हा आपला अनुभव. परंतु काही मिश्रणांत, विशिष्ट तापमानाला, दाब उतरल्यामुळे वायूचा द्रव होतो. कुएनेन या डच शास्त्रज्ञाने १८९२ साली या उलट्या द्रवीभवनाचे वर्णन केले. अशा क्षेत्रात दाब बेफिकिरीने उतरू दिला तर वायूतील सर्वांत मौल्यवान अंश जमिनीखालीच दवासारखा खडकावर साचतो आणि बहुतांशी तेथेच अडकून पडतो. त्याला चोर नेत नाही, आग लागत नाही. तो आहे तेथेच असतो, फक्त कोणाच्या उपयोगाचा राहत नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. न भरून येणाऱ्या साधनसंपत्तीचा उपसा कोणत्या वेगाने करावा, या प्रश्नाचे अभिजात विवेचन हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ साली केले. त्यांचे तर्कशास्त्र थोडक्यात असे : जमिनीखालचे तेल ही एक ठेव आहे; ती आज काढून आलेला पैसा व्याजी लावणे अधिक लाभाचे की ती तेथेच ठेवून किंमत वाढू देणे, याची तुलना मालकाने करावी. पदवी परीक्षेच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असते. मात्र या मूळ मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की साठा ठरलेला आहे; आज काढा वा उद्या काढा, एकूण तेवढाच. कोळशाच्या वा लोखंडाच्या खाणीस हे पुष्कळसे लागू पडते. तेलास पडत नाही. येथे उपशाचा वेगच साठ्याचे आकारमान ठरवितो. ज्या बँकेत घाईने पैसे काढल्यास शिल्लक रकमेचा काही भाग कायमचा बुडतो, अशा बँकेतील ठेवीसारखी ही ठेव आहे. म्हणूनच तेलाइतकेच, किंबहुना तेलाच्या आधी, भूगर्भातील दाब हे भांडवल मानावयास हवे. आणि या भांडवलाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात नाही. पिंपभर तेल वर आले की उत्पादनात एका पिंपाची भर पडते. त्यासाठी दाब किती खर्ची पडला याचा रकानाच नाही.

हे सारे महाराष्ट्राला दूरचे वाटण्याचे कारण नाही. देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. 'सागर सम्राट' या जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तो काळ आठवावयास हवा. १९७३ च्या अखेरीस पश्चिम आशियातील युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांतच जवळपास चौपट झाले होते. परकीय चलनाची तिजोरी रिकामी, रॉकेलसाठी रांगा, खतांची टंचाई, अशा स्थितीत मुंबई हायचे तेल आले. शोधापासून उत्पादनापर्यंत सव्वादोन वर्षे एवढाच अवधी लागला, हा भारतीय अभियंत्यांचा पराक्रमच होता, आणि त्यावेळच्या घाईला आज खुर्चीत बसून नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रारंभी तेल टँकर जहाजांनी आणले जाई. १९७८ पासून समुद्रतळावरील नळ ते उरणला आणू लागले.

परंतु तेलाबरोबर वायूही वर येत होता, आणि त्याला गिऱ्हाईक नव्हते. तो जाळून टाकला जाई. उरणचे वायूवरील वीजकेंद्र, थळचा खत कारखाना ही वापराची ठिकाणे पुढे १९८० च्या दशकात उभी राहिली. तोवर समुद्रातील मंचांवर रात्रंदिवस ज्योती पेटलेल्या होत्या. या ज्योतींचे वर्णन त्या वेळी प्रगतीच्या मशाली म्हणून करण्याची प्रथा होती. वस्तुतः तेलाला वर ढकलणारा हमालच तेथे जळत होता. काढलेला वायू पुन्हा खडकात दाबून भरणे ही युक्ती त्या काळी अज्ञात नव्हती. नॉर्वेने १९७१ सालीच, म्हणजे त्यांचे पहिले मोठे क्षेत्र सुरू होत असतानाच, चाचणीचा अल्पकाळ वगळता वायू जाळता येणार नाही असे धोरण स्वीकारले होते. गरिबीमुळे आपल्याला ते परवडले नाही असे म्हणता येईल; पण न परवडण्याचीही काही किंमत असते आणि ती कोणी मोजली नाही.

मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे आणि तेलाच्या माथ्यावर मोकळ्या वायूची टोपी आहे. ही टोपी असणे याचा अर्थ त्या सीमेवरील तेल आधीच वायूने तृप्त आहे. दाब थोडा उतरला तरी वायू सुटू लागणार. अशा क्षेत्रात दाब सांभाळण्यासाठी समुद्राचे पाणी शुद्ध करून खडकात भरावे लागते. हे काम १९८४ मध्ये सुरू झाले, म्हणजे उत्पादन सुरू होऊन आठ वर्षे लोटल्यावर. दरम्यान पंचवार्षिक योजनांची लक्ष्ये वाढत होती, आणि मुंबई हाय ती पूर्ण करीत होते. १९८० च्या दशकातील चढत्या काळात या एका क्षेत्रातून दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल निघत असे. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून बराच अधिक भाग त्या काळी देशी तेलातून भागत होता. आज ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या पिढीला हे स्वप्नवत वाटेल.

मग उतार आला. देशाचे खनिज तेलाचे उत्पादन १९८९-९० मध्ये ३ कोटी ४० लाख टन होते. १९९२-९३ मध्ये ते २ कोटी ७० लाख टनांवर आले. आसामातील अशांततेचा त्यात वाटा होता, हे नोंदविणे न्यायाचे आहे. परंतु मुंबई हायच्या विहिरींतून तेलामागे वायूचे प्रमाण वाढत चालले होते, काही विहिरी क्षेत्राच्या प्रकृतीसाठी बंद ठेवाव्या लागल्या, आणि आधीच्या वर्षांत अवाजवी उपसा झाल्याचा आक्षेप जाणकारांनी उघडपणे घेतला. काळ पाहा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेलाचे भाव भडकले, आणि त्याच सुमारास घरचे तेल आटू लागले. १९९१ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. त्या संकटाची कारणे अनेक होती. ती सर्व मुंबई हायच्या माथी मारणे खुळेपणाचे होईल. पण परकीय चलनाची सर्वाधिक निकड असताना देशी तेलाने पाठ फिरविली, हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकांत फारसा नोंदला गेलेला नाही. सोन्याची नोंद सर्वत्र आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरावी. अमेरिकेतील पूर्व टेक्सासच्या क्षेत्रात १९३० साली तेल लागले. तेथील कायद्याने ज्याच्या विहिरीतून निघेल त्याचे तेल. मग जमीन कोणाचीही असो. शेजाऱ्याने ओढण्याआधी आपण ओढावे म्हणून प्रत्येकाने विहिरी खणल्या, भाव मातीमोल झाले, दाब उतरला, आणि अखेर १९३१ मध्ये राज्यपालाने विहिरी बंद करण्यासाठी सैनिक पाठविले. पाठ्यपुस्तके यावरून निष्कर्ष काढतात तो असा की अनेक मालक असले म्हणजे सामाईक साठ्याची नासाडी होते. एकच मालक असेल तर तो जपून वापरील. मुंबई हायला मालक एकच होता, तोही शासन. तरीही उपसा शहाण्या मालकासारखा झाला नाही, असा संशय का यावा?

याचे उत्तर असे की मालक एक असला तरी त्याचा कार्यकाळ तुकड्यातुकड्यांचा होता. प्रत्येक योजनेचे लक्ष्य वेगळे, प्रत्येक मंत्र्याची मुदत वेगळी, प्रत्येक अध्यक्षाच्या निवृत्तीची तारीख वेगळी. टेक्सासमध्ये शेजाऱ्याआधी ओढावयाचे होते, येथे उत्तराधिकाऱ्याआधी. यंदाच्या ३१ मार्चला लक्ष्य गाठले गेले तर शाबासकी यंदाच्या माणसाला मिळते. दाब उतरल्याचे फळ दहा वर्षांनी येणाऱ्याला. सरकारी कचेरीत काम केलेल्या वाचकाला ही गोष्ट विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गरीब देशाला भविष्याची चैन परवडत नाही, असे म्हटले जाते. धुराने डोळे चोळत लाकडांवर भाकरी भाजणाऱ्या बाईला १९८० साली शेगडी मिळणे हे २०२० साली तिच्या नातवाला दोन पिंपे अधिक मिळण्यापेक्षा मोलाचे आहे. हे मान्यच करावे लागते. अशा परिस्थितीत वेगाने तेल काढणे हा उघड्या डोळ्यांनी घेतलेला योग्य निर्णयही असू शकतो. पण त्यासाठी डोळे उघडे असावे लागतात. किती व्याजाने कर्ज घेतो आहोत हे माहीत असून घेतलेले कर्ज हा निर्णय असतो; व्याजाचा दर न विचारता घेतलेले कर्ज हा केवळ मोह असतो. शिवाय काढलेल्या तेलाचा पैसा कोठे गेला हेही पाहावयास हवे. १९७४ च्या कायद्याने देशी तेलावर उपकर बसविला, तो तेलउद्योगाच्या विकासासाठी. प्रत्यक्षात त्यातील फार मोठा भाग सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतच राहिला. जमिनीखालचे भांडवल काढून जमिनीवर दुसरे भांडवल उभे केले असते तर तक्रारीस जागा उरली नसती.

दुसरा आक्षेप असा की हा तज्ज्ञांचा विषय आहे, सामान्यांनी त्यात पडू नये. तज्ज्ञांना दाबाचे महत्त्व कळत नव्हते असे कोणीही म्हणत नाही. विहिरीविहिरीचा दाब ते नियमाने मोजत आले आहेत. अडचण आहे ती त्यांनी मोजलेला आकडा लोकांसमोर येत नाही ही. दरवर्षी उत्पादनाचा आकडा वृत्तपत्रांत झळकतो, संसदेत विचारला जातो, त्यावर अग्रलेख होतात. म्हणून सर्वांचा रेटा त्या एका आकड्यामागे. नुसत्या लिहिण्याच्या वेगावर गुण देणाऱ्या परीक्षकाला हस्ताक्षर वाईट आल्याची तक्रार करण्याचा अधिकार नसतो. उत्पादनाच्या आकड्याशेजारी प्रत्येक मोठ्या क्षेत्राचा मूळ दाब, आजचा सरासरी दाब, बबल पॉइंट, तेलामागे निघणारा वायू आणि मूळ साठ्यापैकी आजवर हाती आलेला हिस्सा, असे पाच रकाने दरवर्षी छापावेत. १९९३ पासून हायड्रोकार्बन महासंचालनालय अस्तित्वात आहे. हे काम त्याच्या कक्षेत सहज बसते. व्यापारी गुपित हे कारण येथे फार ताणता येत नाही, कारण साठा कंपनीचा नाही, राष्ट्राचा आहे. नॉर्वेत क्षेत्रवार उत्पादन आणि शिल्लक साठा कोणाही नागरिकाला पाहता येतो, आणि त्यामुळे त्या देशाच्या तेलकंपन्या बुडाल्याचे ऐकिवात नाही.

सध्याच्या घडामोडींमुळे या मागणीला निकड आली आहे. मुंबई हायच्या पुनर्विकासाची कामे २००० नंतर झाली, त्यांचा उपयोगही झाला; तरीही दिवसाचे तेल आज दीड लाख पिंपांच्या आत आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने या क्षेत्रासाठी तांत्रिक सेवा पुरविणारी संस्था म्हणून ब्रिटनच्या बीपी कंपनीची निवड केली. मुदत दहा वर्षांची. पहिली दोन वर्षे ठराविक मोबदला, आणि त्यानंतर जे वाढीव उत्पादन होईल त्याच्या उत्पन्नातील हिस्सा, अशी मोबदल्याची रचना आहे. परकीय कंपनी म्हणून ओरड करण्याचे कारण नाही. जुन्या, थकलेल्या क्षेत्रांतून उरलेले तेल काढण्याची विद्या तिच्यापाशी आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही. पण मोबदला पुन्हा एकदा वर येणाऱ्या पिंपांवर ठरला आहे. वाढ मोजण्यासाठी उत्पादनाची पायाभूत रेषा आखली जाते. दाबाचीही तशी रेषा आखली आहे काय, आणि मुदत संपताना खडकातला दाब, वायूचे प्रमाण व हाती येण्याजोगा शिल्लक साठा कोणत्या स्थितीत परत मिळावयाचा आहे, हे लोकांना सांगितले गेलेले नाही. भाड्याने घर देताना भिंतींची अवस्था करारात लिहून घेणारा भिवंडीतला साधा घरमालकही एवढे विचारतो.

टेमघरच्या घरी सिलिंडर येते तेव्हा त्याच्या अंगावर रिकामे वजन कोरलेले असते. गृहिणीने मागणी केली तर घरपोच देणाऱ्याने काट्यावर तोलून दाखवावे असा नियम आहे, आणि पुष्कळ गृहिणी तोलून घेतातही. मुंबई हायसंबंधी हा काटा मागण्याची पहिली जागा म्हणजे संसदेची पेट्रोलियम व नैसर्गिक वायूविषयक स्थायी समिती. बीपीच्या कराराची पहिली दोन वर्षे उलटून वाढीव उत्पादनावरचा हिस्सा सुरू होईल, त्याच्या आत तिने हे पाच रकाने मागवून घ्यावेत.